देवळालीतलं समुद्रफूल

नाना, तुमचं समुद्रफूल जिवंत आहे. तुम्ही गेलात तेव्हा ते लिंबाएवढं उरलं होतं, पांढरंफटक, तोंड उघडं पडलेलं, आणि ते आता संपलंच असं धरून तुम्ही डोळे मिटलेत. ते संपलं नाही. देवळालीच्या घरात, पुढच्या खोलीत, त्याच टाकीत त्याची आता चार झाली आहेत, आणि त्यातलं थोरलं पसरलं की ताटलीएवढं होतं. हे तुम्हाला सांगायला मला तेरा वर्षं लागली. तुम्ही समोर पडून होता तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचू नये यासाठी मी चार महिने किती काळजी घेतली, तेच लिहायला बसले आहे.

टाकी घरात आली तेव्हा मी लग्न होऊन नेवाशाला गेले होते. सुट्टीला आले तर पुढच्या खोलीतला दिवाण हलवलेला, आणि तिथे चार फुटी काच, आत दगड, वाळू, निळा उजेड. बाहेर कुंपणापासून कॅनॉलपर्यंत नुसता ऊस, आणि घरात समुद्र. तुम्ही आयुष्यभर पोरांना प्राणिशास्त्र शिकवलंत, फळ्यावर हजारदा समुद्रफुलाचं चित्र काढलंत. पण कॉलेजात असताना कोकणातल्या सहलीत, ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात पाहिलेलं ते एक खरं समुद्रफूल, तुमच्या भाषेत ॲनिमोन, तुमच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आजोबांनी बैल पाळले, चुलत्यांनी गाई पाळल्या, तुम्ही हे पाळलंत. आई त्याला फूल म्हणायची. तुम्ही दर वेळी तिला दुरुस्त करायचात. "फूल नव्हे ते. जनावर आहे. तोंड आहे त्याला, पोट आहे. फक्त डोकं नाही." एकदा आई म्हणाली, "मंग बरंच हाय की त्याचं," आणि एकटीच हसली. तुम्हाला तो विनोद कळला नाही, किंवा कळला असेल. दोन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत.

त्याला बोअरचं पाणी चालत नाही, हे तुम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलंत. आपल्याकडचं पाणी जड, कपड्याचा साबण फेसाळत नाही, हंड्याला आतून पांढरा थर बसतो. म्हणून फिल्टरचं मशीन आलं आणि स्वयंपाकघरात ओट्यावर लागलं. आई खूश झाली होती. पण मशीनचं पाणी हळूहळू थेंब थेंब यायचं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उडायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, भर घालायची ती नुसत्या गोड्या स्वच्छ पाण्याचीच, नाहीतर खारेपणा चढतो; हे तुमचं बोलणं मला तोंडपाठ आहे. तेव्हा मशीनचा हंडा टाकीचा झाला. पिण्याला बोअर. आई पाहुण्यांसाठी म्हणून एक तांब्या बाजूला काढून ठेवायची आणि तुम्ही तोही टाकीत ओतायचात. पुढे तिच्या किडन्या बिघडल्या तेव्हा डॉक्टरांनी प्यायच्या पाण्याची चौकशी केली. पाण्यानंच झालं असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. डॉक्टर विचारत होते तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होता, एवढंच मला आठवतं.

आणि कोळंबी. आई लग्नाच्या आधीपासून माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, आणि तुम्ही तिच्या फ्रीजमध्ये कोळंबीची पाकिटं आणून ठेवलीत. त्याला खायला आठवड्यातून दोनदा नखाएवढे तुकडे करून लागायचे. तुम्ही स्वतः कापू शकत होता. तुमचं म्हणणं, तुमच्या हाताला खडू असतो, साबणाचा वास असतो, तिचे हात स्वच्छ. ती दारात उभी राहून म्हणाली, "माळ घालून कसं कापू मी?" तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "मग काढ."

मी तेव्हा तिथे होते. चूल सारवताना, आजारपणात, बाळंतपणात जी माळ तिच्या गळ्यातून निघाली नाही ती तिनं काढली, ओट्याशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि कोळंबी कापायला बसली. तोंड फिरवून कापत होती, म्हणून बोट कापलं. मग आंघोळ करून माळ पुन्हा घातली. त्यानंतर पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, हेच. तिनं गावातल्या भजनाला जाणं सोडलं. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायची.

मी नेवाशाहून परत आले त्या वर्षीचं तुम्हाला आठवतं का, ठाऊक नाही. नवऱ्यानं हात उचलला होता; पहिल्यांदा नव्हे, पण त्या वेळी कानाचा पडदा फाटला. मी एक पिशवी घेऊन घरी आले. तुम्ही काही विचारलं नाहीत. आठ दिवसांनी तुमचे विद्यार्थी टाकी बघायला आले होते, चार मुली आणि दोन मुलगे, आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तुम्ही त्यांना समजावत होता की ॲनिमोनला एकदा जागा मानवली की ते वर्षानुवर्षं हलत नाही. पण काहींना कुठलीच जागा मानवत नाही, ती आपला दगड सोडून हिंडत सुटतात, आणि मग पंपात ओढली जाऊन त्यांच्या चिंध्या होतात. एका मुलीनं विचारलं, "सर, मग ते जगतं का?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "विचार हिला. ही हिंडूनच आली आहे."

ती मुलगी हसली, मग तिला समजलं आणि तिनं मान खाली घातली. मी चहा दिला. कपांतला एकही थेंब बशीत सांडला नाही, याचा मला पुढे बरेच दिवस अभिमान वाटत होता.

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते, की त्याच वर्षी तुम्ही मला एक गोष्ट दिलीत. ॲनिमोनची एकाची दोन झाली होती आणि धाकटं चुकीच्या जागी, पंपाच्या तोंडाशी जाऊन बसलं होतं. तुमचा हात तिथवर पोचेना. तुम्ही मला हाक मारलीत, माझी बाही कोपरापर्यंत दुमडलीत, माझं मनगट धरून हात पाण्यात घातलात. "नख लावू नको. बोटाच्या पोटानं, कडेकडेनं. ते सोडेल तेव्हा सोडेल." आपण अर्धा तास तसे उभे होतो. त्याचे ते चिकट, मऊ टोकांचे हात माझ्या बोटांना धरत होते, सोडत होते. शेवटी त्याचा पाय दगडावरून सुटला आणि ते माझ्या तळहातावर आलं. तुम्ही म्हणालात, "जमलं." माझ्या मोठेपणी तुम्ही माझा हात धरला तो तेवढाच. ते धाकटं पुढे तुम्ही त्या मान खाली घातलेल्या मुलीला देऊन टाकलंत. तिला कळतं, म्हणालात.

आता आईचा दिवस. मे महिना होता. ती सकाळी कोळंबी कापता कापता ओट्याशी खाली बसली आणि तिला उठता येईना. मी तिला तशीच गाडीत घालून नगरला नेलं. तुम्ही मागून येतो म्हणालात. दवाखान्यात तिला नळ्या लावल्या, डॉक्टर म्हणाले अवघड आहे, घरच्यांना बोलावून घ्या. तिला शुद्ध होती. तिनं गळ्याला हात लावला आणि मला म्हणाली, "माळ खिळ्याला राह्यली गं. नानांना सांग, येताना घिऊन या. मला तशी नगं जाऊ दिऊ." मी बाहेर येऊन तुम्हाला फोन केला. आई वाचेल असं वाटत नाही, लगेच निघा, आणि ओट्याजवळच्या खिळ्याची माळ घेऊन या, असं मी दोनदा सांगितलं. घरी लाईट गेली होती. टाकीचं पाणी तापत होतं. तुम्ही बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडत होता, एक वितळली की दुसरी. तुम्ही म्हणालात, "बाटल्या बदलतो आणि निघतो."

गाडीनं दीड तासाचा रस्ता. तुम्ही साडेचार तासांनी आलात. तोवर ती दर थोड्या वेळानं दाराकडे बघायची आणि विचारायची, "आले का?" मला वाटायचं तुमच्याबद्दल विचारते आहे. मग माझ्या लक्षात आलं की ती माळेबद्दल विचारते आहे. ती गेल्यावर अर्ध्या तासानं तुम्ही दारात उभे, शर्टाच्या बाह्या अजून ओल्या. मी तुमच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. तुम्ही माळ आणायला विसरला होता. "राहिलंच," एवढंच म्हणालात, भाजी आणायला विसरल्यासारखं.

तिला तशीच जाळली, नाना. घरी नेऊन माळ घालता आली असती, पण ती कोळंबीच्या हातांनी गेली होती, माळ काढून गेली होती, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनी मेल्यावर गळ्यात माळ घालायची की नाही यावर बोलायला सुरुवात केली. तेव्हा तुम्ही बाहेरून म्हणालात, उशीर करू नका. अस्थी प्रवरेत सोडल्या तेव्हा मी माळही सोडली. तुम्ही त्या दिवशी आला नव्हता. त्या दिवशी टाकीचं पाणी बदलायचा वार होता.

दोन वर्षांनी तुम्हाला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, एक शब्द राहिला. पाणी. भूक लागली तरी पाणी, कूस बदलायची तरी पाणी. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी तुमचा पलंग पुढच्या खोलीत घातला, टाकीच्या बरोबर समोर. लोकांना ते आवडलं. आवडीची वस्तू डोळ्यांपुढे राहील, म्हणाले. त्या दिवशी मलाही तसंच वाटत होतं. मनात काही आधीपासून ठरवलेलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात टाकीवरचा दिवा गेला. तो पुण्याहून मागवावा लागायचा. मी दोनचार दिवस टाळलं, कामाच्या धबडग्यात खरंच राहून गेलं. त्या दोनचार दिवसांत मी पाहिलं की तुम्ही दिवसभर त्या दिव्याकडे बघता. डावा हात उचलून टाकीकडे करता, मग माझ्याकडे, मग पुन्हा टाकीकडे. "पाणी. पाणी." उजेडावाचून त्याच्या अंगातला तपकिरी रंग जातो, तो रंग म्हणजेच त्याचं अन्न शिजवणारी चूल, हे तुम्हीच शिकवलेलं. मी दिवा मागवला. तो आला. मी खोका उघडला नाही. कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला, खिडकीचा पडदा ओढला, आणि तुम्हाला सांगितलं की दिवा मिळत नाही.

मला ते मारायचं नव्हतं. तुम्हाला ते मरताना दाखवायचं होतं. दोन्हींत फरक आहे आणि त्या फरकासाठी मी फार कष्ट घेतले. दुपारी औषधानं तुम्हाला झोप लागली की मी चिमट्यानं त्याला कोळंबीचा बारीक तुकडा देत असे, पचेल एवढाच. रोज पाण्याची भर, खारेपणाचा काटा, आठवड्याला पाणीबदल, सगळं तुमच्या पाठीमागे. तुम्ही जागे झालात की मी टाकीला हातही लावत नसे. ते रोज थोडं लहान होत गेलं. आधी टोकांचा रंग गेला, मग सगळं दुधासारखं झालं, मग ते आक्रसून दगडाच्या कपारीत सरकलं.

शेजारच्या मावशी रोज यायच्या. त्यांनी एकदा तुमचा हात पाहिला आणि म्हणाल्या, "आगं, नाना त्या पेटीकडं बोट करत्यात. उजेड मागत्यात वाटतं. लाव की दिवा." मी म्हणाले, "दिवा मिळत नाही, मावशी. आणि त्यांना पाणी हवंय." मग मी फुलपात्र तुमच्या ओठांना लावलं. तुम्ही तोंड फिरवलंत. मी दुसऱ्या बाजूनं लावलं. तुम्ही प्यायलात, मावशींच्या देखत, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ते पाणी बोअरचं होतं.

बाकी सेवेत मी कसर ठेवली नाही. तुमच्या पाठीला एक जखम झाली नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकदा भिंतीकडे, एकदा टाकीकडे. शेवटच्या महिन्यात तुम्ही भिंतीकडे तोंड असलं की शांत पडायचात, आणि टाकीकडे वळवायला लागले की डाव्या हातानं पलंगाची पट्टी धरून ठेवायचात. मी एकेक बोट सोडवून तुम्हाला वळवत असे. लोक म्हणायचे, पोटच्या पोरीनं करावं तर असं. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. डोळे मिटण्याला माझ्याकडे इलाज नव्हता.

एकदा, एकदाच, मी बोलले. तुम्हाला पेज भरवत होते. म्हणाले, "नाना, माळ खिळ्याला होती. टाकीपासून दहा पावलं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. झटक्यानंतर त्या डोळ्यातून एरवीही पाणी यायचं, पापणी नीट मिटत नव्हती म्हणून. ते कुठलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी फडक्यानं पुसलं आणि पुढचा चमचा भरला.

तुम्ही गेलात सकाळी, आंघोळीच्या वेळी. माझ्या कूस बदलण्याच्या वेळापत्रकात ती टाकीकडच्या पाळीची वेळ होती.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर चिक्कार होते, खाली एक उतरेना. चुलते पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "पोरीची काळजी करू नका, आमी हाय." कावळे जागचे हलले नाहीत. तुमच्या कॉलेजातले एक सर म्हणाले की पुस्तकं ग्रंथालयात नीट ठेवू. तेही नाही. कुणी घराचं बोललं, कुणी रानातल्या वाटणीचं. ऊन चढलं. मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला म्हाईत आसंल बाई त्यांचं काय अडकलंय. तू बोल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं. चार शब्द होते. फुलाला उजेड लावते, नाना. एवढं म्हटलं असतं तर कावळा उतरला असता की नसता, मला ठाऊक नाही. माझा त्या गोष्टींवर विश्वास आहे की नाही तेही ठाऊक नाही. पण उतरेल याची मला भीती वाटली. मी मान हलवली, मला काही माहीत नाही म्हणाले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला उठले.

त्याच दुपारी, अंगावरचं ओलं लुगडं बदलायच्या आधी, मी कपाटातून खोका काढला आणि दिवा लावला. पहिल्या दिवशी एक तासच. इतके दिवस अंधारात राहिलेल्याला एकदम उजेड सोसत नाही. मग दीड तास, मग दोन. महिनाभर ते तसंच पांढरं होतं. मग एका सकाळी त्याच्या बुडाशी चहाच्या डागाएवढा तपकिरी रंग दिसला, आणि मी टाकीसमोर तुमच्या रिकाम्या पलंगावर बसून राहिले. मला आनंद झाला. तो आनंद तुमच्यासाठी नव्हता, आणि तुम्हाला तो मिळाला नाही याचा त्यात मोठा वाटा होता. तसं नव्हतं असं आता वयानं म्हणावंसं वाटतं, पण तसंच होतं.

आता छपरावर सोलर आहे, पाणी थंड ठेवायचं मशीन आहे, फिल्टरची दोन मशीनं आहेत आणि त्यातलं एक फक्त प्यायच्या पाण्याचं. कोळंबी मीच कापते, अंगणात, वेगळ्या पाटावर. श्रीरामपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना मी एक पिल्लू दिलं, बेलापूरच्या एका मास्तरांना एक. लांबलांबून फोन येतात. ॲनिमोन आक्रसलंय, काय करू. जागा सोडून हिंडतंय, काय करू. मी सांगते, पंपाला जाळी लावा आणि त्याला हिंडू द्या, त्याला कळतं. समुद्रापासून इतक्या लांब, उसाच्या गावात, एकट्या बाईनं एवढं कसं जमवलं याचं लोकांना फार नवल वाटतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुमच्या फोटोमागे ठेवावा असं आलं होतं मनात, पण फोटो मी लावलेलाच नाही. आणखी एक सांगायचं राहिलं. लोक मला विचारतात, हे सगळं तुम्ही शिकलात कुणाकडून? मी म्हणते, पुस्तकं वाचून. नाना, या विषयावरचं एकही पुस्तक मी आजवर उघडलेलं नाही.